मागच्या रांगेतला श्वास

१

दर शनिवारी दुपारी दोन वाजता डेन्मार्कमधल्या ऑर्हुस शहराच्या बंदरालगतच्या एका जुन्या वखारीत सात-आठ माणसं जमतात, कॉफी ओतून घेतात आणि कानांवर हेडफोन चढवून एकमेकांशी न बोलता बसतात. बघणाऱ्याला वाटावं, एकट्यानंच ऐकायचं होतं तर घर काय वाईट होतं? आस्गरची बायको बोडिल अगदी हेच विचारायची. आस्गरला कधी उत्तर देता आलं नाही, आणि आता विचारायला ती नाही. तिला जाऊन सहा वर्षं झाली.

उत्तर खरं तर सोपं आहे. ही माणसं ऐकायला येतच नाहीत, ती भांडायला येतात. एकाला चांदीची वायर हवी, दुसरा म्हणतो तांब्याचीच बरी. मंद्र सूर भरदार हवेत की आटोपशीर, यावर एकदा दोन सभ्य गृहस्थांनी चार महिने अबोला धरला होता. जहाजांवर विजेची कामं करून निवृत्त झालेला प्रेबेन यातला सगळ्यात वाचाळ. आणि शाळेत गणित शिकवणारी रिक्के सगळ्यात लहान, तिशीतली, पण कान असे की बाकीच्यांनी तिच्यापुढे गप्प बसावं.

त्या शनिवारी फिरती पेटी आली होती. ही इथली रीत आहे. हेडफोन बनवणारा एखादा हौशी कारागीर आपला एक नमुना लाकडी पेटीत घालून टपालाने पाठवतो. प्रत्येकानं तो आठ दिवस घरी न्यायचा, ऐकायचा, पेटीतल्या वहीत आपलं मत लिहायचं आणि पुढच्याच्या हवाली करायचा. वहीत आधीच्या गावांतल्या लोकांचे शेरे होते. बहुतेकांनी एकच गोष्ट वाखाणली होती. इतकं बारीक ऐकू येतं की श्वाससुद्धा सुटत नाहीत.

"पहिला नंबर आस्गरचा," प्रेबेन म्हणाला. "म्हाताऱ्याला आधी द्या, नाहीतर पेटी परत येईपर्यंत कानच जायचे त्याचे."

"तू माझ्याहून दोन वर्षांनी मोठा आहेस," आस्गर म्हणाला.

"म्हणूनच सांगतोय, अनुभवाचे बोल आहेत."

आस्गरनं हेडफोन चढवले आणि क्लबच्या सामायिक यंत्रावर आपलं नाव शोधलं. इथं प्रत्येकाचं एक पारखायचं गाणं ठरलेलं असतं, पाठ झालेलं, ज्यावर तो नवी वस्तू घासून बघतो. दुसऱ्याच्या गाण्याला कोणी नावं ठेवत नाही आणि विचारल्याशिवाय ते लावतही नाही.

आस्गरचं गाणं त्यानं स्वतःच टेप केलेलं होतं. एकोणीसशे एक्याण्णवच्या डिसेंबरात, गावच्या चर्चमध्ये, अकरा जणांचा क्वायर. पुढे पाच, मागे सहा. थंडीतलं एक जुनं भजन, पावणेचार मिनिटांचं. मागच्या रांगेत अगदी उजव्या टोकाला बोडिल. दोन मिनिटं झाली की बाकीचे सगळे थांबतात आणि एक ओळ ती एकटी गाते. तिच्या आवाजाची जगात एवढीच एक ओळ शिल्लक होती. फोनवरचा निरोप होता तो टेलिफोन कंपनीनं पुसला, लग्नाच्या फितीत नुसतं संगीत आहे. म्हणून ही ओळ म्हणजे आस्गरचा जीव की प्राण.

गाणं सुरू होण्याआधी तीन-चार सेकंदांची शांतता आहे. पाय सरकवल्याचे आवाज, कोणाचातरी खाकरा, मग अकरा जण एकदम श्वास घेतात. हे सगळं त्याला तोंडपाठ होतं. आज त्या श्वासाआधी आणखी एक श्वास आला. डावीकडून, खोलवरून. क्वायरच्या मागे डाव्या कोपऱ्यात पाद्रीबुवांच्या खोलीचं छोटं दार आहे, तिथून. सावकाश, लांब, तोंडानं घेतलेला.

"काय रे, असा काय बघतोयस?" प्रेबेननं विचारलं.

"बारा जण आहेत," आस्गर म्हणाला. "इतकी वर्षं मला अकराच ऐकू येत होते."

"याला म्हणतात बारकावा," रिक्के खुशीत म्हणाली. प्रेबेननं लगेच वहीत टिपून ठेवलं.

२

रविवारी जेवण आटोपल्यावर आस्गर खिडकीजवळच्या खुर्चीत बसला. राय धान्याच्या पावाचा शेवटचा तुकडा तोंडात होता. त्यानं गाणं लावलं.

श्वास आला, पण दारातून नाही. मागच्या रांगेत डावीकडून पहिला उभा असलेला जाडजूड सुतार, त्याच्या पाठीमागून आला.

आस्गर काही भोळा नव्हता. तीस वर्षं रेडिओ केंद्रात ध्वनिमुद्रणाचं काम केलेला माणूस. आवाज लांब असला की त्याच्याभोवती भिंतींचा घुमारा असतो, जवळ आला की तो कोरडा होतो, हे त्याला झोपेतही कळलं असतं. काल घुमारा होता, आज कमी होता. त्यानं स्वतःलाच समजावलं की काल वखारीत गडबड होती, डोकं थाऱ्यावर नव्हतं, आपलं काहीतरी चुकलं असेल. आणि पुन्हा लावलं.

आता श्वास दुसऱ्या माणसाच्या मागे होता.

त्यानं हेडफोन काढून मांडीवर ठेवले. स्वयंपाकघरात फ्रिज घुरघुरत होता, खालच्या मजल्यावर कोणीतरी खुर्ची सरकवली. सगळं जिथल्या तिथे होतं. टेपवर एकदा उमटलेलं हलत नाही, यावर तर त्याची उभी हयात गेली होती.

३

सोमवारी त्यानं शहाणपणा केला. आपले जुने, पंधरा वर्षं वापरलेले हेडफोन काढले आणि त्यावर गाणं ऐकलं. श्वास नाही. अकरा जण, नेहमीसारखे, आणि बोडिलची ओळ. त्याला इतकं हायसं वाटलं की त्यानं स्वतःसाठी कॉफी टाकली, वर दालचिनीचा पावही गरम केला. म्हणजे दोष पेटीतल्या वस्तूचा. कारागिरानं आत काहीतरी करामत केली असणार, आवाज फिरवणारी.

मग खातरजमा म्हणून नवे चढवले. काल श्वास दुसऱ्याच्या मागे होता, म्हणजे हिशेबानं आज तिसऱ्याच्या मागे यायला हवा.

तो चौथ्याच्या मागे होता.

जुन्या हेडफोनवर ऐकू आलं नव्हतं, एवढंच. चालणं काही थांबलं नव्हतं. गाणं कशावरही लावा, एका वेळेला एक माणूस ओलांडला जात होता. चौथी म्हणजे मागच्या रांगेतली पहिली बाई. पाचवी ग्रेटे, बोडिलची जिवाभावाची मैत्रीण. सहावी बोडिल.

४

मंगळवारी दुपारी त्यानं रिक्केला बोलावलं. मुद्दाम काहीच सांगितलं नाही. फक्त एक कागद दिला. त्यावर अकरा गोल काढले होते, पुढे पाच, मागे सहा.

"गाणं सुरू व्हायच्या आधी एक श्वास येतो," तो म्हणाला. "तो कुठून येतो, तिथं फुली मार."

"परीक्षा घेतोस होय? मी मास्तरीण आहे, मला घाबरवू नकोस," रिक्के म्हणाली आणि पाय खुर्चीवर घेऊन बसली.

तिनं डोळे मिटले. आस्गर तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. चार सेकंदांनी तिच्या कपाळावर बारीकशी आठी पडली आणि तिनं न बघता मान उजवीकडे वळवली, पाठीमागे कोणी उभं राहिलं की वळवतो तशी. मग फुली मारली. मागच्या रांगेतल्या पाचव्या गोलामागे. पण ती थांबली नाही, शेवटपर्यंत ऐकत राहिली.

"ही ग्रेटे ना, मागे गाणं ऐकवलंस तेव्हा सांगितलेली?" ती म्हणाली. "आणि तिच्या पलीकडे बोडिल. आस्गर, एक विचारू? ती ओळ गाताना बोडिलचा आवाज हलतो. शेवटून तिसऱ्या शब्दाला. आजवर मला वाटायचं ती फार ठाम गाते."

"ठामच गाते."

"आज हलला. कोणी अगदी मानेपाशी येऊन उभं राहावं आणि आपल्याला वळून बघता येऊ नये, तसा." ती ओशाळली. "मी आपलं जे ऐकलं ते सांगितलं."

आस्गरनं कागदाची घडी केली. पस्तीस वर्षांत त्या ओळीत एक अक्षर हललं नव्हतं. म्हणजे बोडिलला कळलं होतं. तिकडे, त्या थंड चर्चमध्ये, काळा झगा घालून उभी असताना तिला मागे कोणीतरी असल्याचं कळलं होतं, आणि ती गातच राहिली होती, कारण गाणं मध्येच सोडणं तिच्या स्वभावात नव्हतं.

"मी पुन्हा लावू?" रिक्केनं विचारलं. "नीट ऐकते."

"नाही," आस्गर इतक्या जोरात म्हणाला की ती दचकली.

५

त्यानं कानाला खडा लावला. ते गाणं पुन्हा लावायचं नाही, जन्मात नाही. ओळ ऐकायला मिळाली नाही तरी चालेल, ती तिथं सुखरूप असू दे. माणूस दूरगावी असतं तेव्हा रोज कुठे भेटतं? आहे, एवढं ठाऊक असलं की पुरतं. बुधवारी सकाळी तो पेटी घेऊन वखारीत गेला. प्रेबेन एकटाच होता, गुडघ्यावर बसून कुठल्यातरी यंत्राचं पोट फाडून बघत होता.

"इतक्यात कंटाळलास? आठ दिवस हक्काचे आहेत तुझे."

"पुरे झालं."

"मग वहीत लिही. आणि चांगलं सविस्तर लिही, नुसतं 'ठीक' लिहून पळू नकोस."

इथं आस्गरनं खरं सांगायला हवं होतं. पण खरं काय सांगणार? साठी उलटलेला, रेडिओत हयात घालवलेला माणूस म्हणणार की माझ्या बायकोच्या पाठीमागे कोणीतरी चालत येतंय? प्रेबेननं वर्षभर तोंडसुख घेतलं असतं. शिवाय बोलून दाखवलं की ते खरं होतं, अशी एक भीतीही त्याच्या मनात होती. म्हणून त्यानं ही माणसं लिहितात तसलंच काहीतरी लिहिलं. बारकावा उत्तम. मात्र वरचे सूर अजून कच्चे वाटतात, कानाला टोचतात.

लाज वाटण्यासारखं काही नव्हतं त्यात. निम्मी वही तसल्याच वाक्यांनी भरली होती. तो घरी आला, तीन दिवस बागेतली पानं गोळा केली, बुटांना पॉलिश केलं, आणि संगीत म्हणून काही ऐकलं नाही.

६

शनिवारी तो वखारीत शिरला तेव्हा प्रेबेन दारातच हात चोळत उभा होता. काहीतरी भलं केल्यावर माणसं उभी राहतात तसा.

"ये, ये. तुझी तक्रार दूर केली बघ. कच्चे म्हणालास ना वरचे सूर? अरे बाबा, नवे आहेत ते, चालवल्याशिवाय मुरायचे कसे? बुधवारीच लावून दिले. घोंगडीत गुंडाळून त्या पत्र्याच्या कपाटात ठेवलेत, म्हणजे कोणाला त्रास नको. अखंड चालू आहेत. पुन्हा पुन्हा, रात्रंदिवस."

ही पण रीतच. नवे हेडफोन शंभर तास नुसते वाजत ठेवले की त्यांचा आवाज सुधारतो, असं यांच्यातले निम्मे लोक छातीठोकपणे सांगतात आणि उरलेले निम्मे हसतात. प्रेबेन पहिल्या निम्म्यांतला.

"काय लावलंस?" आस्गरनं विचारलं.

"तुझंच की. दुसऱ्याचं गाणं लावत नाही मी, माहीत आहे तुला, पण म्हटलं ज्याची तक्रार त्याच्याच गाण्यावर मुरू देत. तुझ्या कानाला बरोबर जुळेल."

बुधवार दुपारपासून शनिवार दुपारपर्यंत. पावणेचार मिनिटांचं गाणं. रिक्केचा हिशेब पक्का, तिनं तिथल्या तिथं तोंडी केला आणि हसत म्हणाली, "हजारावर वेळा झालं असेल." मग तिचं आस्गरकडे लक्ष गेलं आणि हसू मावळलं. मंगळवारची फुली तिलाही आठवली असावी.

आस्गर कपाटाशी गेला. पत्र्याला हात लावला तर तो किंचित थरथरत होता. दार उघडलं. घोंगडीतून बारीक, चिरका आवाज येत होता, मुंगीएवढ्या माणसांनी गावं तसा. बोडिलपर्यंत पोचायला लागणार होती फक्त एक वेळ. एक. बाकीची हजार कशाला लागली, तिकडे काय काय झालं, याचा विचार त्याच्या डोक्यात आला.

"मी आधी ऐकलं हं सकाळी," प्रेबेन पाठीमागून म्हणाला. त्याचा आवाज एकदम मऊ झाला होता. "रागावू नकोस. आस्गर, तू कधी बोलला नाहीस. बोडिल इतकं सुंदर गायची? माझ्या डोळ्यांत पाणी आलं रे."

आस्गरनं हेडफोन उचलले. गरम होते. त्यानं ते चढवले आणि गाणं पहिल्यापासून लावलं.

पाय सरकले. कोणीतरी खाकरलं. मग उजवीकडे, टोकाला, बोडिलच्या जागेवर, घुमाऱ्याचा लवलेश नसलेला तो लांब श्वास आला. त्यापाठोपाठ बाकी सगळ्यांनी श्वास घेतला आणि गाणं सुरू झालं. दोन मिनिटांनी सगळे थांबले. ती ओळ कोणीतरी गायलं.

प्रेबेन खोटं बोलला नव्हता. आवाज सुरेख होता. सुरात अचूक, गोल, कुठे हलत नव्हता की दमत नव्हता. बोडिलच्या आवाजाशी त्याचा काही संबंध नव्हता. बोडिल एक साधी बाई होती, पोस्टात काम करायची, सर्दी झालेली असतानाही हट्टानं गायला आली होती. तिचं काही, काही म्हणता काही त्यात उरलं नव्हतं. भजन संपलं, आणि टाळ्या सुरू होण्याआधीच्या क्षणभराच्या शांततेत डाव्या कोपऱ्यातलं ते छोटं दार बाहेरून ओढून घेतल्यासारखं लागलं.

"काय? मुरले ना वरचे सूर?" प्रेबेननं विचारलं.

आस्गरनं हेडफोन काढले. तो रडायला लागला. त्यांनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि प्रेबेन त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. त्याला वाटलं, बायकोच्या आठवणीनं रडतोय.

७

घरी मूळ टेप होती. माळ्यावर, पत्र्याच्या डब्यात, वीस वर्षं न हललेली. आस्गरनं कोट न काढताच ती उतरवली, जुन्या यंत्राला ओवली आणि साध्या स्पीकरवर लावली. स्पीकरवर श्वास नीटसा ऐकू आला नाही. ओळ मात्र आली. तीच, सुरेख.

म्हणजे बिघडली होती ती नक्कल नव्हे. बिघडली होती ती संध्याकाळ.

अजूनही त्याची बुद्धी हार मानायला तयार नव्हती. त्या संध्याकाळी चर्चमध्ये तो स्वतः होता, पण माईकपाशी वाकून, यंत्रावरचे आवाजाचे काटे बघत. बोडिलकडे बघितलंच नव्हतं. बघितलं होतं ते तिच्या शेजारी उभ्या असलेल्या ग्रेटेनं. त्यानं तिला फोन लावला.

"अगं ग्रेटे, एक्याण्णवचा कार्यक्रम आठवतो? थंडीतला?"

"न आठवायला काय झालं. पाय गोठले होते माझे."

"बोडिल कशी गायली होती तेव्हा?"

"आज काय एकदम?" ग्रेटे हसली. पण त्याच्या आवाजात काहीतरी असावं, कारण ती लगेच नीट बोलायला लागली. "कशी म्हणजे, नेहमीसारखी. तिचा श्वास आधी यायचा ना, लांबलचक. क्वायरचे मास्तर किती बोलायचे तिला त्यावरून. पण खरं सांगू, आम्ही सगळे त्यावरच सुरू करायचो. तो आला की आपोआप छाती भरायची."

"बोडिलचा श्वास?"

"मग काय माझा?"

चौतीस वर्षं आस्गर बोडिलच्या शेजारी झोपला होता. तिचा श्वास इतका हलका की कधीकधी काळजीनं तो तिच्या नाकाशी बोट धरून बघायचा. हे त्यानं स्वतःला दोनदा बजावलं. दुसऱ्यांदा बजावताना त्याला ते बोट आठवलं, खोलीतला अंधार आठवला, पण तिचा चेहरा काही केल्या आठवेना.

"थांब, त्या दिवसाचा फोटो इथं भिंतीवरच आहे," ग्रेटे म्हणत होती. "चष्मा कुठे गेला... हं. ही मी. आणि ही माझ्या शेजारी, टोकाला. गंमत आहे बघ. मला आपलं वाटायचं, आम्ही दोघी एका उंचीच्या. ही तर चांगली हातभर उंच दिसतेय."

"चेहरा कसा दिसतो?"

"चेहरा नाही नीट आला. आम्ही सगळे तोंड मिटून उभे आहोत, हिचंच तेवढं उघडं आहे. श्वास घेतानाच टिपलंय वाटतं. आस्गर, तू बरा आहेस ना? फोटो घेऊन येऊ का तिकडे?"

"नको," आस्गर म्हणाला. "नको, ग्रेटे. भिंतीवरच राहू दे."

फोन ठेवल्यावर तो टेपसमोर बसला. पुसून टाकावी असं एकदा मनात आलं. यंत्रावर त्यासाठीचं लाल बटण होतं, बोट तिथवर गेलंही. मग त्याच्या लक्षात आलं की बोडिलच्या नावाचं जगात आता एवढंच उरलंय. एवढं पुसलं की ती नव्हतीच. आणि जे उरलंय ते तिचा झगा घालून, तिच्या जागी, तिचीच ओळ गातंय.

त्यानं टेप मागे घेतली. जुने हेडफोन कानांवर चढवले. बाहेर शनिवारची दुपार सरत आली होती, खाली कोणीतरी सायकल लावत होतं. पाय सरकले, कोणीतरी खाकरलं. मग उजवीकडे, टोकाला, श्वास घेतला गेला, आता जुन्यावरही स्पष्ट, आणि आस्गरची छातीही त्याच्याबरोबर भरून आली.